तोंड शिवलेल्या पिशवीचा व्यवहार



नांदेड जिल्ह्यातलं उमरी म्हटलं की मराठवाड्याला पहिल्यांदा आठवतो तो 30 जानेवारी 1948 चा दिवस. हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या सैनिकांनी त्या दिवशी इथली हैदराबाद स्टेट बँकेची शाखा लुटली आणि लढ्यासाठी लाखोंची रक्कम नेली. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. लुटीचा प्रसंग इथल्या पोरासोरांनाही पाठ आहे. पण तालुक्याच्या एवढ्याशा गावात बँकेच्या तिजोरीत इतका पैसा आला कुठून, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. उत्तर सोपं आहे: कापूस. गोदावरी व्हॅली रेल्वे 1900 च्या सुमारास या भागातून गेली आणि मुदखेड ते धर्माबाद पट्ट्यातल्या काळ्या जमिनीचा कापूस थेट बाहेरच्या पेठांना जोडला गेला. जानेवारी म्हणजे कापसाचा हंगाम ऐन भरात. गाडीमागून गाडी येते, माल उतरतो, पैसा चुकता होतो. सैनिकांनी दिवस हेरला होता आणि गावही हेरलं होतं.

त्या गाड्यांवर सौदा कसा होत असे, हा आजच्या विषयाचा मुद्दा.

विक्रीतल्या प्रामाणिकपणावर बोलताना व्यापाऱ्याला लबाड आणि शेतकऱ्याला भोळा ठरवून मोकळं होणं फार सोपं आहे. कापसाचा इतिहास त्याला साथ देत नाही. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस विलायतेला मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. भाव चढला तशी भेसळही चढली. रुईत सरकी, माती, दगड आणि पाणी जाऊ लागलं. कापूस भेसळीविरुद्धचा मुंबई इलाख्याचा कायदा 1863 चा आहे. म्हणजे ओल्या कापसाची तक्रार किमान एकशेसाठ वर्षं जुनी. ही भेसळ एकाच्या हातची नव्हती. शेतात, गावच्या खेडा खरेदीत, जिनिंगमध्ये आणि गाठ बांधताना, जिथे जिथे कापूस हात बदलत होता तिथे तिथे ती होत होती.

भेसळीला व्यापाराने स्वतःचं उत्तर शोधलं. ते म्हणजे कडता. माल ओला असणार, त्यात कचरा असणार असं धरून क्विंटलमागे ठरावीक वजन सरसकट कापायचं. वरवर पाहता यात गैर काही वाटत नाही. हिशेब मांडला की खरा प्रकार दिसतो. समजा, कापसाचा भाव क्विंटलला 7,000 रुपये आहे आणि कडता एक किलोचा. उन्हात वाळवलेला, पाला निवडलेला कापूस आणणाऱ्याचे क्विंटलमागे 70 रुपये गेले. ज्याने रात्री कापसावर बादली रिकामी करून तीन किलो वजन वाढवलं, त्याने 210 रुपये मिळवले आणि 70 गमावले, म्हणजे तो 140 रुपयांनी वर राहिला. कडता पाणी मारणाऱ्याला अडवत नाही, कोरडा माल आणणाऱ्याला दंड करतो. दोन हंगाम हे सोसल्यावर तो वाळवणारा गडीही बादली शोधतो. मग व्यापारी म्हणतो, बघा, सगळेच पाणी मारतात, कडता दोन किलो करा. कोणी कोणाला फसवलं, हा प्रश्न इथे निरर्थक होतो. दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात आणि उमरीचा कापूस मात्र बाहेरच्या पेठेत ओला म्हणून बदनाम होतो.

जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने 1970 मध्ये नेमका हाच फास कागदावर मांडला. त्याचा मुख्य दाखला जुन्या मोटारींच्या बाजाराचा. विकणाऱ्याला गाडीची खोड ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते, म्हणून घेणारा प्रत्येक गाडीला खोडकर धरूनच भाव करतो. त्या भावात चांगली गाडी विकणं परवडत नाही, चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात आणि मागे गाळ उरतो. हा निबंध छापून येण्याआधी अकरलॉफ काही काळ भारतात राहून गेला होता. त्याच निबंधात आपल्याकडचा तांदूळही येतो: मुद्दाम त्याच रंगाचे आणि आकाराचे खडे मिसळलेला, बायकांना निवडत बसायला लावणारा. या कामासाठी त्याला पुढे 2001 मध्ये नोबेल मिळालं. आपल्या आयाबायांनी सूप हातात घेऊन तो सिद्धांत आधीच पाखडला होता, एवढंच.

या फासातून सुटण्याचे प्रयत्न आपल्याच मुलखात झाले, याचा अभिमान कमी लोकांना आहे. विदर्भातल्या कारंजाचा कापूस बाजार 1886 मध्ये नियमाखाली आला. देशातला पहिला नियमित बाजार म्हणून त्याचं नाव घेतात. पाठोपाठ 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. निजामाच्या हैदराबादेत असा कायदा 1930 मध्ये आला. या नियमांनी काय केलं? रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायची हत्ता पद्धत बंद करायला सुरुवात केली, भाव मोठ्याने बोलायला लावला, काटा सगळ्यांसमोर आणला, आणि धर्मादाय, बट्टा, नमुना अशा नावांनी कापल्या जाणाऱ्या पैशावर बंधन घातलं. जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांसाठी 1925 चा कायदा झाला, तेव्हा प्रत्येक गाठीवर कारखान्याची खूण आणि अनुक्रमांक घालणं सक्तीचं झालं. गाठ मुंबईत फुटो की परदेशात, आत दगड सापडला तर तो कोणाचा हे आता सांगता येणार होतं. त्या खुणेने कोणाचं मन पालटलं नाही. पण दगड घालणाऱ्याचं नाव गाठीवर आलं.

आज भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत ओलावा आठ टक्के धरतात, त्यावर गेला की त्या प्रमाणात भाव कमी होतो आणि बारा टक्क्यांपुढे माल घेत नाहीत. कडता आणि ओलावा मोजणारं हे मीटर यांत हाच फरक आहे. कडता सगळ्यांना एका मापाने मोजतो, मीटर प्रत्येक ढिगाला वेगळं मोजतं. वाळवणाऱ्याला वाळवल्याचे पैसे मिळतात. आता मीटर कोणाच्या हातात आहे आणि तो ते ढिगात कुठे खुपसतो, यावरून भांडणं होतात हे खरं. काट्याचंही तसंच. इलेक्ट्रॉनिक काट्यात रिमोटने वजन कमी दाखवणाऱ्या टोळ्या पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या आपण वाचल्याच आहेत. तरी भांडायला समोर आकडा असणं, हीसुद्धा कमाईच आहे. कडत्याशी भांडताच येत नव्हतं.

एवढं सगळं कापूस, सोयाबीन, तूर विकणाऱ्या शेतकऱ्याचं झालं. तोच शेतकरी जूनमध्ये काउंटरच्या दुसऱ्या बाजूला उभा असतो, आणि तिथे त्याच्या हातात मीटरही नसतं.

पहिला पाऊस पडून गेलेला असतो. कृषी सेवा केंद्रासमोर मोटारसायकली दाटलेल्या, आत खताच्या पोत्यांचा उग्र वास, काउंटरवर ओल्या चपलांचे ठसे. मागे घाई करणारी दहा माणसं. "शेठ, तेच गेल्या वर्षीचं द्या" एवढं बोलून माणूस सोयाबीनची पिशवी खांद्यावर टाकतो. पिशवीच्या शिलाईला एक टॅग असतो. निळा टॅग म्हणजे प्रमाणित बियाणं, बीज प्रमाणीकरण यंत्रणेने तपासलेलं. हिरवं लेबल म्हणजे सत्यप्रत, कंपनीने स्वतःच्या शब्दावर सांगितलेलं. त्यावर लॉट नंबर, तपासणीची तारीख, वैधता, शुद्धता आणि उगवणीची टक्केवारी छापलेली असते. अक्षर एवढं बारीक की चष्म्याशिवाय दिसत नाही, आणि चष्मा घरी असतो.

सोयाबीनच्या उगवणीची किमान मर्यादा 70 टक्के आहे. म्हणजे शंभर दाण्यांतले तीस उगवले नाहीत तरी ती पिशवी कायद्याने निर्दोष. ही एक गोष्ट काउंटरवर मोठ्याने सांगणारा दुकानदार किती ठिकाणी भेटतो? तो सांगत नाही, कारण पलीकडचा दुकानदार "शंभर टक्के उगवणार, माझी गॅरंटी" असं म्हणत असतो. गॅरंटी देणारा अडचणीत येत नाही. उगवलं नाही तर पाऊस कमी पडला, खोल पेरलं, बुरशीनाशक लावलं नाही, यांपैकी एक कारण तयार असतं. त्रास असा की त्यातलं एखादं कारण अनेकदा खरंही असतं. सोयाबीनच्या दाण्याचं टरफल पातळ. मळणीयंत्राचा वेग जास्त झाला, पोतं उंचावरून आपटलं, की दाणा दिसायला टपोरा आणि आतून मेलेला. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असं कृषी खातं दरवर्षी कंठरवाने सांगतं आणि एका सरीवर तिफण जुंपली जाते. खरं कारण कोणतं, हे उगवल्यावर किंवा न उगवल्यावर सांगणं फार अवघड.

2020 च्या खरिपात हे उघडकीला आलं. आदल्या वर्षी सोयाबीन काढणीच्या वेळीच परतीचा पाऊस झोडपत राहिला होता. बियाण्यासाठी ठेवलेला मालही भिजला. पुढच्या जूनमध्ये मराठवाड्यात आणि विदर्भात शिवारंच्या शिवारं उगवलीच नाहीत. तक्रारी हजारोंनी आल्या, खासगी कंपन्यांविरुद्ध आल्या आणि 1976 पासून सरकारी भरवशाचं नाव असलेल्या महाबीजविरुद्धही आल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, गुन्हे दाखल करण्याचे आदेश निघाले. त्या धावपळीत दुकानदार म्हणत होते, आम्ही फक्त पिशवी विकतो, आत काय आहे ते आम्हाला कसं कळणार? तोंड शिवलेलं असतं.

बोलणं खरं आहे आणि अपुरंही आहे. कंपनी दूर असते, तिचा प्रतिनिधी दर दोन वर्षांनी बदलतो. दुकानदार उमरीतच राहतो, त्याची मुलंही इथल्याच शाळेत जातात. शेतकरी कंपनीचं नाव वाचून पिशवी घेत नाही, दुकानदाराच्या तोंडाकडे बघून घेतो. त्या तोंडाच्या भरवशाचा मोबदला दुकानदाराला मिळत असतो: कमिशन, स्कीम, टार्गेट पुरं केलं तर सहल. ज्या पिशवीवर सहल जास्त ती पिशवी पुढच्या फळीवर. गिऱ्हाइकाला हे माहीत नसतं, आणि न सांगणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे अशी सोयीची समजूत धंद्यात रूढ आहे.

"आमची गिऱ्हाइकं वीस-वीस वर्षांची आहेत" असं अभिमानाने सांगणाऱ्यांकडे थोडं जवळून पाहावं लागतं. त्यातली किती टिकलेली आणि किती बांधलेली? बी-खत उधारीवर, पैसे सोयाबीन आल्यावर. सोयाबीन घालायचं ते त्याच्याच ओळखीच्या आडतीवर. तिथे रोख हवी असेल तर वर टक्का-दोन टक्के कटती. हा शेतकरी दुसरीकडे जाणार कसा? खातं अडकलंय. उधारी ही आपल्या भागाची गरज आहे, तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. बँकेचं पीककर्ज वेळेवर हाती पडत नाही तेव्हा खातंच उपयोगी पडतं. पण खात्यावरचा माणूस आपल्यावर विश्वास ठेवतो, असा समज करून घेणं ही दुकानदाराने स्वतःचीच केलेली फसवणूक आहे. पोराला नोकरी लागून हातात रोकड आली की तोच माणूस नांदेडला जाऊन खरेदी करतो. तेव्हा वीस वर्षं कुठे गेली, असं दुकानदाराला वाटतं.

लिंकिंगचंही तेच. युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळायला हवी. हंगामात ती मिळते, पण सोबत एखादं नको असलेलं द्रवरूप खत किंवा औषधाची बाटली घ्यावीच लागते. दुकानदार म्हणतो, कंपनीने मला लावलं, मी पुढे लावलं. अन्यायाची साखळी सांगितल्याने शेवटच्या माणसाच्या घरातली बाटली कमी होत नाही. ती पुढच्या वर्षीपर्यंत गोठ्याच्या खुंटीला टांगलेली असते आणि येता-जाता दिसते. दुकानाची याहून वाईट जाहिरात दुसरी नसेल.

याच जिल्ह्यात याच्या उलटही घडलेलं आहे. कृषी विद्यापीठाच्या नांदेड इथल्या कापूस संशोधन केंद्रातून 1984 मध्ये एनएचएच-44 हा संकरित वाण बाहेर पडला, म्हणजे आपला नांदेड-44. कोरडवाहूला चालणारा, पावसाने ताण दिला तरी पुन्हा फुटवे धरणारा. आजच्यासारखी भिंतीभिंतीवर जाहिरात नव्हती. शेजाऱ्याच्या बांधावरून पाहिलेलं पीक हीच जाहिरात, आणि ती मराठवाड्याबाहेर इतर राज्यांतही पोचली. विद्यापीठाचे शास्त्रज्ञ वाणाचे गुण सांगायचे तसे मर्यादाही सांगायचे. मार्च 2002 मध्ये बीटी कापसाला मंजुरी मिळाली. बोंडअळीच्या धास्तीने काही वर्षांत शिवार बदललं आणि नांदेड-44 दुकानातून दिसेनासा झाला. तरी नाव लोकांच्या तोंडात राहिलं. म्हणून तर पुढे विद्यापीठ आणि महाबीज यांनी त्याला बीटीचं रूप देऊन पुन्हा आणलं, तेव्हा जुन्या नावानेच आणलं. नवं चकचकीत नाव ठेवायला कोणी अडवलं नव्हतं. सगळ्यात मोठं भांडवल त्या नावातच होतं.

लोखंडी नांगराची गोष्टही इथे आठवते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात नांगर बनवला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची धारणा होती. पहिला नांगर विकायला त्यांना दोन वर्षं लागली. शेतकऱ्याला अडाणी म्हणून सोडून देणं शक्य होतं. त्यांनी ते केलं नाही. 1910 मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली आणि 1920 मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढली. कारखान्याचा माल, त्याची माहिती, वापरणाऱ्यांशी संवाद, असा तिचा उगम. तीच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाली आणि मराठी घराघरात वाचली गेली. नांगर विकल्यावरही गिऱ्हाइकाशी बोलत राहायचं, ही त्या काळातली नवी रीत होती. आजच्या कंपन्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप पाहिले की फरक कळतो. तिथे सकाळी शुभेच्छा येतात, आणि उगवण झाली नाही असं कोणी लिहिलं की ॲडमिन मेसेज पुसून टाकतो.

कायद्याने या बाबतीत एक महत्त्वाचं पाऊल टाकलं ते 2012 मध्ये. राष्ट्रीय बीज निगम विरुद्ध मधुसूदन रेड्डी या प्रकरणात, तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या शेतकऱ्यांच्या तक्रारींवर, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बियाणं विकत घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे आणि त्याला ग्राहक मंचाकडे दाद मागता येते. कंपन्यांचा एक युक्तिवाद मोठा चतुर होता: बियाणं सदोष होतं हे दाखवायला त्याची प्रयोगशाळेत तपासणी हवी, आणि तक्रारदाराने नमुना आणलेलाच नाही. न्यायालयाने तो फेटाळला. शेतकरी पेरण्यासाठी बी घेतो, पुढे कोर्टात लागेल म्हणून मूठभर बाजूला ठेवेल अशी अपेक्षा करता येणार नाही. उलट बियाणे नियमांप्रमाणे प्रत्येक लॉटची नोंद तीन वर्षं ठेवायची जबाबदारी विकणाऱ्याची आहे. तपासायची इच्छा असेल तर माल त्याच्याकडे आहे.

या निकालाचा फायदा मात्र पावती असणाऱ्यालाच. तणनाशक सहन करणारं बेकायदा 'चोर बीटी' गावोगाव रात्रीतून येतं, बिनापावतीचं. ते घेणारा शेतकरीही जाणूनबुजूनच घेतो. निंदणीला बाई मिळत नाही, मिळाली तर मजुरी परवडत नाही, हे त्याचं कारण खोटं नाही. अधिकृत बीटीचं पाकीट 2025 मध्ये 901 रुपयांना होतं, पण त्यात त्याला हवा तो गुण नाही. मात्र पाकिटात सांगितलेलंच आहे की दुसरंच काही, हे विचारायला तिथे पावती नाही, लॉट नंबर नाही, दुकानही नाही.

केंद्राने 2023 मध्ये 'साथी' पोर्टल सुरू केलं. पिशवीवरच्या क्यूआर कोडवरून बियाणं कुठल्या शेतातून, कोणत्या यंत्रणेतून आलं ते पाहता यावं असा त्याचा बेत आहे. 1925 च्या गाठीवरच्या अनुक्रमांकाचाच हा नातू. तो कितपत चालतो हे पाहायला काही हंगाम जावे लागतील. उमरीतल्या दुकानदाराला तोवर थांबायची गरज नाही. कृषी सहायक गावोगाव दाखवतात ती गोणपाटाची चाचणी त्याला येतेच: ओलं गोणपाट अंथरायचं, दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडायचे, वर दुसरं गोणपाट टाकून गुंडाळी करायची, सावलीत ठेवून पाणी शिंपडत राहायचं आणि सहा-सात दिवसांनी कोंब मोजायचे. घरच्या बियाण्यासाठी हे शेतकऱ्याने करावं असा आग्रह धरला जातो. विकायच्या बियाण्यासाठी दुकानदाराने मे महिन्यात केलं, प्रत्येक लॉटचा आकडा फळ्यावर खडूने लिहिला, कमिशन कोणत्या पिशवीवर जास्त हेही विचारल्यावर सांगितलं, तर काय होईल?

पहिल्या वर्षी विक्री कदाचित घटेल. 74 चा आकडा वाचून माणूस पलीकडच्या गॅरंटीवाल्याकडे जाईल. तिथलं बी खरोखर किती टक्के उगवतं हे त्याला तिथे कोणी सांगणार नाही, आणि ते जुलैत कळेल. दुकानदारांची यावर एक रास्त हरकत असते: चाचणीसाठी पिशवीची शिलाई उसवावी लागते, उसवलेली पिशवी विकता येत नाही, दहा लॉट म्हणजे दहा पिशव्यांचा भुर्दंड. तो भुर्दंड त्याने एकट्याने सोसण्याचं कारण नाही. एवढ्या पिशव्या कंपनीकडे चाचणीसाठी म्हणून मागता येतात. एखादी कंपनी ती एक पिशवी द्यायला कां-कूं करू लागली, तर तिचा बाकीचा माल दुकानात भरायचा की नाही, हे त्याला पेरणीच्या आधी, मे महिन्यातच ठरवता येईल.